जुन्या रोड सायकलला ब्रेक-गिअरचे एकत्र लिव्हर निवडताना

लिव्हर सगळ्यात शेवटी निवडायचे. आधी मागचं चाक, मग फ्रेम, मग डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग), मग ब्रेक. हे सगळं कागदावर उतरलं की लिव्हरची बारी. ठाण्यात नौपाड्याला माझ्याकडे जी पोरं येतात ती बरोबर उलट करतात. कुठेतरी वापरलेला शिमानो १०५ च्या लिव्हरचा जोड स्वस्तात दिसतो, घेतला जातो, आणि मग "काका, एवढं बसवून द्या ना". बसवून देता येतो हो. चालत नाही, ही अडचण आहे.

मी वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला फिटर होतो. निवृत्त झाल्यावर बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये स्टँड लावला आणि सायकली घ्यायला लागलो. त्यामुळे व्हर्निअर हातात घेतल्याशिवाय मला मत देता येत नाही. तुमच्याकडे नसेल तर शाळेची स्टीलची पट्टी चालेल, पण मोजा. "दिसायला सेमच आहे" या वाक्यावर अख्ख्या ठाण्यात पैसे वाया जातात.

ब्रेक आणि गिअर एकाच मुठीत आले ते १९९० च्या सुमारास, शिमानो या जपानी कंपनीच्या ड्युरा-एस ग्रुपमध्ये (ग्रुप म्हणजे लिव्हर, डिरेलर, ब्रेक यांचा जुळणारा संच). त्याला ते एसटीआय म्हणतात. १९९२ मध्ये कांपान्योलोने एर्गोपॉवर आणलं, २००६ मध्ये स्रॅमने डबलटॅप. त्याआधीच्या रोड सायकलींना गिअरच्या दोन काड्या खालच्या दांड्यावर असायच्या, आणि गिअर बदलायला हात हँडलवरून काढावा लागायचा. घोडबंदर रोडवर कापूरबावडीपासून पुढे आजच्या ट्रॅफिकमध्ये एक हात खाली घालून चालवून बघा, म्हणजे लोक एकत्र लिव्हर का मागतात ते कळेल.

आता गणित. लिव्हर एका क्लिकला ठराविक वायर ओढतो. तेवढ्या ओढीवर मागचा डिरेलर ठराविक सरकतो. ते सरकणं कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चक्रांच्या जुडग्याच्या, दोन चक्रांमधल्या अंतराएवढं हवं. शिमानोच्या जुन्या पद्धतीत डिरेलर वायरच्या साधारण १.७ पट सरकतो. आठ-स्पीडचा (म्हणजे मागे आठ चक्रांचा) लिव्हर एका क्लिकला सुमारे २.८ मिमी वायर ओढतो, १.७ ने गुणा, ४.८ मिमीच्या आसपास येतं, आणि आठ-स्पीड कॅसेटमधलं अंतर तेवढंच आहे. नऊ-स्पीडला क्लिक २.५ मिमीचा आणि अंतर ४.३५, दहा-स्पीडला २.३ आणि ३.९५. डिरेलर मात्र तोच. म्हणून शिमानोचा आठ-स्पीडचा डिरेलर नऊच्या लिव्हरवर चालतो, आणि माउंटन बाइकचा नऊ-स्पीडपर्यंतचा डिरेलरही रोडच्या लिव्हरवर चालतो. येऊरच्या चढाला मागे ३२ दातांचं चक्र पाहिजे असेल तर ही गोष्ट फार कामाची आहे.

हे गणित मोडतं ती ठिकाणं लक्षात ठेवा. अकरा-स्पीडच्या रोड ग्रुपपासून शिमानोने गुणोत्तर बदललं: क्लिक २.७ मिमी, डिरेलर १.४ पट. आणि शिमानोचाच टियाग्रा ४७०० (आकडा मॉडेलचा)! आहे दहा-स्पीड, पण ओढ अकरा-स्पीडवाली. टियाग्रा ४६०० चा डिरेलर आणि ४७०० चे लिव्हर घेऊन "दोन्ही टियाग्राच आहेत की" म्हणणारा गिऱ्हाईक मला दरवर्षी भेटतो. माउंटनचे दहा-स्पीड डिरेलरही वेगळे. जुना ड्युरा-एस ७४०० चा डिरेलरही आपल्याच तऱ्हेचा. स्रॅमच्या दहा-स्पीड रोड लिव्हरचा क्लिक ३.१ मिमी, तो शिमानोच्या डिरेलरवर लावायचा नाही. कांपान्योलो घ्यायचं तर लिव्हर, डिरेलर, कॅसेट सगळं त्यांचंच घ्या. शिमानोच्या नवीन क्यूज ग्रुपचंही तेच, जुन्या डिरेलरला त्याचा उपयोग नाही.

तुमच्या सायकलवर सनटूर किंवा ह्युरेचा, काडीवर अंदाजाने चालणारा डिरेलर असेल तर त्यावर भावना असली तरी तो काढून कपाटात ठेवा. क्लिकच्या लिव्हरशी तो जमत नाही. शिमानोचा साधा आठ-नऊ-स्पीडचा नवीन डिरेलर हा या सगळ्या कामातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणी भाग आहे.

आता मागचं चाक काढा. फ्रेमच्या दोन कानांमधलं (चाकाचा अ‍ॅक्सल बसतो त्या खाचांमधलं) आतलं अंतर मोजा. सहा-सात-स्पीडच्या जुन्या रोड सायकलीला ते १२६ मिमी असतं, त्याहून जुन्या पाच-स्पीडला १२०. आठ-स्पीडपासून पुढे रिम ब्रेकच्या रोड सायकली १३० च्या. हायब्रीड आणि माउंटन १३५. पोलादी फ्रेम १२६ वरून १३० ला नेता येते. चार मिमी म्हणजे एका बाजूला दोन, आणि नंतर कान एकमेकांना समांतर करून डिरेलर लटकतो तो हूक सरळ करायचा. अ‍ॅल्युमिनिअमला हे करायचं नाही. कार्बनचा तर विषयच नको. फ्रेमला चुंबक लावून बघा, चिकटला तर पोलाद, पाच सेकंदांचं काम आहे.

मग चक्रं कशी बसलीत ते बघा. आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील आहे की हबच्या खाचांवर सरकवलेली कॅसेट? फ्रीव्हील असेल तर सातच्या पुढे जाऊ नका. आठ-स्पीडचं फ्रीव्हील मिळतं, पण त्यात उजव्या बाजूला बेअरिंगच्या बाहेर अ‍ॅक्सल फार लांब लोंबतो आणि आपल्या रस्त्यांवर तो वाकतो, कधी मोडतो. सातचंच फ्रीव्हील ठेवायचं असेल तर शिमानोच्या टूर्नीत ए०७० नावाचे सात-स्पीडचे एकत्र लिव्हर आहेत. ते मिळाले नाहीत तर आठ-स्पीडचा लिव्हर सातवर चालतो का, हे नेहमी विचारतात. चालतो. सात-स्पीडमधलं अंतर ५ मिमी, आठचं ४.८, एका क्लिकला फरक ०.२. सहा फटींत १.२ मिमी. मधल्या चक्रावर बरोबर जुळवलं की दोन्ही टोकांना ०.६ मिमीची चूक राहते, आणि डिरेलरचं वरचं पुलीचाक थोडं आडवं हलतं, ते एवढं पोटात घालतं. एक क्लिक जास्तीचा उरतो, तो डिरेलरला टोकाला रोखणारा लिमिट स्क्रू अडवतो. टूलरूममध्ये ०.६ ला मी पीस रिजेक्ट केला असता, सायकलला चालतं.

वसंत विहारची एक मुलगी बाबांची जुनी पोलादी सायकल घेऊन आली होती. १२६ ची फ्रेम, सहाचं फ्रीव्हील, दांड्यावर काड्या. "काका, दहा-स्पीडच करायचंय, सगळे म्हणतात दहाच घे." मी म्हटलं, "अगं, सगळे म्हणजे कोण? येऊर चढायला तुला मोठं चक्र पाहिजे, जास्त चक्रं नाही." फ्रेम १३० ला उघडली, मागचं चाक कॅसेटवालं केलं, शिमानोचे आठ-स्पीडचे क्लॅरिस लिव्हर लावले. माझं मत सरळ आहे. जुन्या सायकलीला आठ किंवा नऊ. आठची चेन जाड, कॅसेट स्वस्त, कुठल्याही दुकानात मिळते, आणि डिरेलरचा हूक जरासा वाकला तरी गिअर पडतात. दहाला तोच हूक अर्धा मिमी वाकला की किरकिर सुरू. ठाण्यात सायकल लिफ्टमध्ये उभी करून वर नेणारे आपण, हूक वाकतोच.

नवे घेणार असाल तर क्लॅरिस किंवा सोरा बघा. क्लॅरिस २४०० पासून आणि सोरा ३५०० पासून गिअर दोन्ही दिशांना ब्रेकच्या काडीजवळच बदलतात. त्याच्या आधीच्या २३०० आणि सोरा ३४०० ला उलट गिअर टाकायला आतल्या बाजूला अंगठ्याचं बटण होतं. हात वर हूडवर (लिव्हरच्या रबरी मुठीवर) असताना ते ठीक. खाली वाकून ड्रॉप्समध्ये (हँडलच्या खालच्या वळणात) धरलं की अंगठा तिथे पोहोचत नाही. वापरलेले घेताना ते बटण दिसलं तर भाव पाडा. आणखी एक फरक: २४००, ३५०० आणि १०५ च्या ५६०० मध्ये गिअरची वायर लिव्हरच्या बाजूने बाहेर निघून पुढे कमानीसारखी दिसते. क्लॅरिस आर२०००, सोरा आर३०००, १०५ ५७०० मध्ये ती टेपखालून जाते. दिसायला टेपखालची छान. पण वायरला वळणं जास्त, आणि पावसाळ्यात खाडीच्या हवेत वळणाशीच ती जड होते. कोलशेत, घोडबंदरकडे राहता? मग बाहेरून जाणारी वायर वाईट नाही. बदलायला टेप उसवावी लागत नाही.

तैवानच्या मायक्रोशिफ्टचे शिमानोच्या पद्धतीने चालणारे लिव्हर आहेत. त्यात ब्रेकची काडी आडवी हलत नाही, गिअरच्या दोन छोट्या पट्ट्या वेगळ्या असतात. थोडा आवाज करतात, टिकतात. सेन्सा, एल-टू या चिनी कंपन्यांचं घ्यायचं तर लिव्हर आणि डिरेलर एकाच डब्यातले घ्या, तुकडे जुळवत बसू नका.

ब्रेककडे लोक बघतच नाहीत, आणि माझी खरी चिंता तीच आहे. गिअर नाही पडला तर पाय दुखतील. ब्रेक नाही लागला तर येऊरच्या उतारावर पावसाळ्यात काय होईल ते मी लिहीत नाही.

जुन्या रोड सायकलीचा ब्रेक बहुधा एकाच खिळ्यावर फिरणारा असतो. नंतर दोन खिळ्यांवरचे आले, त्यांची पकड कितीतरी चांगली. त्यात आणखी एक बदल झाला: ७९००, ६७००, ५७०० (ड्युरा-एस, अल्टेग्रा, १०५) या पिढीपासून शिमानोच्या लिव्हरने ब्रेकची वायर जास्त ओढायला सुरुवात केली, आणि हळूहळू खालच्या ग्रुपांतही ते उतरलं. वायर जास्त ओढायची म्हणजे हाताचा जोर तेवढा कमी पोहोचतो. ती तूट नव्या ब्रेकची कात्री भरून काढते. आता नवा लिव्हर आणि जुना एका खिळ्याचा ब्रेक अशी जोडी लावली तर काडी हाताला टणक लागते, छान वाटते, आणि सायकल थांबत नाही. दुकानात उभ्या सायकलीवर काडी दाबून बघणाऱ्याला तर हा जोड जास्तच घट्ट, म्हणजे "चांगला" वाटतो. म्हणून नवे लिव्हर घेतलेत तर त्याच पिढीचे दोन खिळ्यांचे ब्रेकही घ्या. जुनेच ब्रेक ठेवायचेत तर ५६०० किंवा त्याआधीच्या काळातले लिव्हर शोधा.

नवे ब्रेक घेण्याआधी पुन्हा पट्टी काढा. ब्रेकच्या बोल्टच्या मध्यापासून रिमच्या जिथे रबर टेकायला पाहिजे तिथपर्यंत मोजा. हल्लीच्या रोड ब्रेकची पोच ३९ ते ४९ मिमी. जुन्या सायकलीला बरेचदा ४७ ते ५७ लागते. त्यासाठी शिमानोचा आर४५१ सारखा लांब पोचेचा ब्रेक येतो. फ्रेमचं भोकही बघा. जुनीकडे मागे साधा नट बसतो, नव्या ब्रेकला भोकात आत जाणारा अ‍ॅलनचा नट असतो आणि त्याला मागच्या बाजूने ८ मिमीचं भोक लागतं. आणि जुन्या ब्रेकला चाक काढताना कात्री उघडायची कळ नसेल तर लक्षात घ्या, शिमानोच्या लिव्हरवरही ती नसते. जाड टायर असला की प्रत्येक पंक्चरला हवा काढूनच चाक निघेल.

आपल्याकडे एक तिसरा प्रकार फार आहे: हायब्रीड घेऊन तिला खाली वाकलेलं हँडल लावायचं. नवी मुंबईत पाम बीच रोडवर सकाळी अशा सायकली दिसतात. हायब्रीडला बहुधा व्ही-ब्रेक असतात, आणि त्यांना रोडच्या लिव्हरपेक्षा कितीतरी जास्त वायर लागते. रोडचा लिव्हर तसाच लावला तर रबर रिमला टेकेपर्यंत काडी हँडलला टेकते. ८०-९० मिमी बाह्यांचे छोटे व्ही-ब्रेक लावा, नाहीतर कँटिलिव्हर. डिस्क असेल तर वायरवाल्या कॅलिपरचा रोडचा प्रकार वेगळा असतो, तो मागा. हँडलही बदलायला लागेल: सपाट हँडलची नळी २२.२ मिमी, ड्रॉपची लिव्हर बसते तिथे २३.८. बारीक नळीवर पट्टा कितीही आवळला तरी लिव्हर फिरत राहतो.

डावा लिव्हर घेताना पुढे दोन चक्रं की तीन, हे बघा. दोन्हीसाठी वेगळे येतात. हायब्रीडचा पुढचा डिरेलर रोडच्या डाव्या लिव्हरशी जुळत नाही, ओढ वेगळी. रोडचा पुढचा डिरेलर लिव्हरच्याच पिढीचा घ्या, आणि पट्टा घेताना सीटखालच्या नळीची जाडी मोजा: पोलादी जुन्या फ्रेमला बहुधा २८.६, पुढे ३१.८ आणि ३४.९. किंवा पुढचा डिरेलर काढूनच टाका. सपाट ठाण्यात रोज ऑफिसला जाणाऱ्याला पुढे एक चक्र पुरतं. डावा लिव्हर मग नुसता ब्रेकचा.

हात लहान असेल तर लिव्हर हातात धरल्याशिवाय घेऊ नका. नव्या बऱ्याच लिव्हरांना काडी जवळ आणायचा स्क्रू असतो. ड्रॉप्समध्ये धरून दोन बोटांनी काडी पूर्ण दाबता आली पाहिजे. पाठीला झेपेल एवढ्या जवळ हूड येईल असा स्टेमही (हँडल धरणारा तुकडा) बघा, पण तो वेगळा विषय.

वापरलेले लिव्हर बघायला जाताना खिशात गिअरची एक वायर घेऊन जा. छोटी काडी दाबत दाबत लिव्हर पूर्ण सोडून द्या, शेवटच्या क्लिकपर्यंत. सोडल्याशिवाय वायर आत जायचं भोक समोर येत नाही, आणि मग लोक जबरदस्ती करतात. वायर घाला, टोक डाव्या हातात ताणून धरा आणि मोजत क्लिक करा. आठ-स्पीडला सात क्लिक, नऊला आठ. प्रत्येक क्लिकला वायर ओढली गेली पाहिजे आणि सोडताना एकेकच सुटली पाहिजे. ब्रेकची काडी वरखाली हलवून ढिली आहे का बघा. रबराचा हूड घामाने चिकट झाला असेल तर त्या मॉडेलचा हूड मिळतो का ते आधी विचारा. हूड प्रत्येक मॉडेलला वेगळा.

दहा-अकरा-स्पीडच्या टेपखालच्या लिव्हरमध्ये वायर मुंडीजवळ तुटते. आत एक घट्ट वळण आहे, तिथे एकेक तार सुटत जाते. गिअर हळूहळू बेताल झाले की लोक डिरेलर पिळत बसतात. आधी वायर बाहेर काढून मुंडीजवळचा इंचभर भाग बघा. पूर्ण तुटली तर मुंडी आत अडकते, आणि चिमट्याने काढता काढता संध्याकाळ जाते.

लिव्हर क्लिकच करत नसेल, काडी नुसती रिकामी जात असेल, तर लगेच भंगारात टाकू नका. आतलं कारखान्यातलं ग्रीस वर्षानुवर्षांनी डिंकासारखं होतं आणि आतली छोटी कुत्री (क्लिक पकडणारी खिट्टी) दात्यात पडतच नाही. लिव्हर हँडलवरून काढा, वायर काढा, हूड मागे वळवा. पेपरवर धरून पातळ स्प्रे आत मारा आणि दोन्ही काड्या सतत हलवत राहा. आधी तपकिरी घाण गळते. थोड्या वेळाने एखादा क्लिक पकडतो आणि सुटतो. रात्रभर उलटा ठेवा, सकाळी परत स्प्रे, परत काड्या. घाण गळायची थांबली, सगळे क्लिक आले की मशीनच्या पातळ तेलाचे दोन-तीन थेंब सोडा, कारण स्प्रेने धुतलेला लिव्हर कोरडा राहिला तर झिजतो. कुत्रीच मोडली असेल तर शिमानोचा लिव्हर उघडून उपयोग नाही, सुटे भाग मिळत नाहीत. कांपान्योलोचे एर्गो मात्र उघडतात, आतल्या स्प्रिंगा बदलता येतात. ते इटलीचं कौतुक करावंच लागेल.

बसवताना दोन-चार गोष्टी. खालच्या दांड्यावरच्या काड्या काढल्यावर त्याच बुंध्यांवर केबल स्टॉप बसवा, ताण जुळवायच्या स्क्रूसकट असलेले. गिअरचं आऊटर, म्हणजे वायरवरची नळी, ४ मिमी, आत सरळ तारांचं. ब्रेकचं ५ मिमी, आत पिळाचं. ब्रेकचं आऊटर गिअरला लावलं तर गिअर जुळत नाहीत. गिअरचं ब्रेकला लावलं तर जोरात दाबल्यावर ते फाटू शकतं, म्हणून ते कधीच नाही. ब्रेकची वायर मागताना रोडची, लहान मुंडीची, असं स्पष्ट सांगा. सपाट हँडलची गोल नळकांडी मुंडी या लिव्हरमध्ये बसत नाही. दोन्ही वायरी स्टेनलेस घ्या, जूनमध्ये फरक कळतो. पुढचा ब्रेक उजव्या हाताला हवा की डाव्या, ते तुमच्या सवयीप्रमाणे. ब्रेकची वायर कुठूनही कुठेही नेता येते. गिअरचं तसं नाही, उजवा लिव्हर मागच्याच डिरेलरचा.

हूडखाली बाहेरच्या बाजूला ५ मिमीचा अ‍ॅलन बोल्ट असतो. तो आधी अर्धवटच आवळा, सायकलवर बसून हात ठेवा, हँडलवरून हूडवर मनगट न मोडता हात जातो का बघा, मगच पूर्ण आवळा. टेप गुंडाळायची घाई नको. नव्या वायरी पहिल्या आठवड्यात बसतात आणि गिअर अर्धा क्लिक मागे पडतात. उपवनपर्यंत जाऊन या, एकदा येऊरच्या पहिल्या चढापर्यंत जा, ताणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून गिअर जुळवा, ब्रेकची वायर परत ओढून घ्या. मग टेप.